हवेला ठेवलेलं झाड

मुठीत भुंगेरा चिरकला तेव्हा व्हाल्मा ड्रेजला आधी समाधानच वाटलं. ओल्या काचेवर बोट घासावं तसा तो बारीक, चिडका आवाज तिच्या हाडीमासी खिळला होता. बावीस वर्षं रोज पहाटे तिने तो स्वतःच्या तळहातात ऐकला होता. पकडलं की हा प्राणी ओरडतो, आणि ओरडला की समजायचं, सापडला. हाताने आपलं काम तिला न विचारताच केलं होतं. उजव्या हाताचं बोट फुलापाशी गेलं आणि डावा तळहात आपसूक खाली गेला, कारण ऑर्किडवरचा हा नारिंगी भुंगेरा चाहूल लागली की उडत नाही. तो पाय सोडतो आणि सरळ खाली पडतो, कुंडीतल्या सालींमध्ये शिरतो, आणि मग बसा शोधत. तळहात आधीच खाली धरला असेल तर तो तळहातावर पडतो. ब्रिस्बेनच्या त्या हॉलमध्ये शुक्रवारी दुपारी तीसचाळीस माणसं उद्याच्या प्रदर्शनासाठी आपापली झाडं मांडत होती, कुणी पानं पुसत होतं, कुणी तुऱ्याला काडीचा टेकू देत होतं, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये व्हाल्माने एक्काहत्तराव्या वर्षी एका झटक्यात भुंगेरा पकडला होता. कुणाला आनंद होणार नाही? तिने मूठ वर उचलली आणि प्रदर्शनाची व्यवस्था बघणाऱ्या नेव्हिल पॅस्कोच्या कानाशी नेली.

"ऐक," ती म्हणाली. "कुणीतरी सात वाजेपर्यंत घोरत पडलं होतं."

आजूबाजूची माणसं हसली. हे वाक्य तिचंच होतं आणि ऑर्किड मंडळात सगळ्यांना पाठ होतं. दर वर्षी वसंतातल्या पहिल्या सभेत ती उभी राहून किडींवर बोलायची, हातात टिपण नाही, चष्मा डोक्यावर, आणि शेवटी हेच सांगायची, की झाडावर किडा दिसला म्हणजे किड्याला नावं ठेवू नका, मालकाला विचारा सकाळी किती वाजता उठतोस.

"कुणाच्या झाडावर होता गं?" नेव्हने विचारलं.

व्हाल्माने फक्त शेजारच्या जांभळ्या फुलांच्या कुंडीकडे बघून भुवई उचलली. तेवढं पुरलं. ती कुंडी तुयेत लामची होती. तुयेत इनाला उपनगरात बेकरी चालवायची, मंडळात येऊन तिला वर्ष झालं नव्हतं आणि तिचं हे पहिलंच प्रदर्शन. त्यासाठी तिने आज बेकरी बंद ठेवली होती. अकरा वर्षांत व्हिएतनामी नव्या वर्षाचे दिवस सोडले तर ती बेकरी कधी बंद राहिली नव्हती, हे तिने सकाळीच दारात भेटलेल्या प्रत्येकाला हसत हसत सांगितलं होतं. नेव्ह टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी गेला. नेव्ह सज्जन माणूस. त्याला कुणाला दुखवायचं म्हटलं की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

"तुयेत, झाडाला जरा हवा लागू दे," तो म्हणाला.

मंडळात असंच म्हणायची रीत होती. 'तुमच्या झाडावर कीड आहे, उचला' असं कुणी कुणाला तोंडावर सांगत नसे. हवा लागू दे म्हणायचं, मग मालकाने आपणच झाड उचलायचं आणि मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीशेजारी सिमेंटवर नेऊन ठेवायचं, त्याला लाल पट्टी बांधायची आणि प्रदर्शन संपेपर्यंत ते तिथेच राहू द्यायचं. चहा प्यायला सगळे त्याच अंगणात येतात, त्यामुळे कुणाचं झाड हवेला ठेवलंय हे दोन दिवस सगळ्या गावाला दिसतं. हा नियम व्हाल्मानेच करून घेतला होता. नियम मंजूर झाला त्या दिवशी नेव्ह म्हणाला होता, "बाई, यात एक दिवस आपलंच कुणीतरी सापडणार." आणि व्हाल्मा म्हणाली होती, "सापडू दे की. मी नाही सापडत." नाकावर माशी बसू द्यायची नाही हा तिचा स्वभाव पहिल्यापासूनचा. शाळेच्या कँटीनमध्ये सव्वीस वर्षं काम केलं, पण तिच्या काउंटरवर कुणी कधी सांडलेलं दूध बघितलं नाही. शेजारणी कौतुक करायच्या तेव्हा ती लाजायचीही नाही. खरं आहे ते खरं आहे, त्यात लाजायचं काय?

तुयेतने वाद घातला नाही. तिने हात पँटला पुसले, "चुकलं माझं, मिसेस व्हाल्मा," असं हळूच म्हणाली, जसं काही किडा तिने व्हाल्माच्या ताटातच टाकला होता, आणि दोन्ही हातांनी कुंडी उचलून छातीशी धरली. टेबलं इतकी दाटीने लावली होती की दाराकडे जायला तिला व्हाल्माच्या अगदी जवळून जावं लागलं. जांभळी फुलं व्हाल्माच्या खांद्याला घासून गेली, आणि त्यांच्याबरोबर एक वास आला. गोडसर, लसणासारखा, घशात जाऊन बसणारा. व्हाल्माची मूठ घट्ट झाली, आतला भुंगेरा पुन्हा चिरकला.

तिच्या नवऱ्याच्या, रेक्सच्या, शर्टांना हा वास यायचा. शर्ट कसले, तो शर्ट घालतच नसे. आखूड चड्डी, पायात रबरी चपला, पाठीवर पितळी पंप, आणि उघड्या अंगावर औषधाचे तुषार उडतायत. दर शनिवारी तो शेडमध्ये शिरायचा आणि अर्ध्या तासाने शीळ घालत बाहेर यायचा. "किडा पाय ठेवायला घाबरतो माझ्याकडे," तो म्हणायचा, आणि ती त्याच्या चड्ड्या वेगळ्या बादलीत भिजवायची, कारण त्यांचं पाणी गवतावर ओतलं की गवत पिवळं पडायचं. गवत पिवळं पडतं हे तिला दिसत होतं. इतकी वर्षं दिसत होतं आणि ती बादली फक्त थोडी लांब नेऊन ओतत राहिली. मग साठीच्या आधीच त्याचे हात थरथरायला लागले. कप बशीत वाजायचा. तो कपाकडे असा बघायचा की जणू कपच खोडी काढतोय. डॉक्टरांनी दुसरीच नावं सांगितली, औषधाचं नाव कुणी घेतलं नाही, तिला मात्र कुणी सांगायची गरज नव्हती. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पंपाची नळी कात्रीने कापली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला पहिल्यांदा शेडमध्ये जाऊन हाताने भुंगेरे पकडले. पहिल्या सकाळी सतरा निसटले आणि दोन सापडले. त्या दोघांना तिने साबणाच्या पाण्यात टाकलं आणि पायरीवर बसून खूप रडली. पण त्या रडण्यात सगळं दुःखच नव्हतं. आपल्याला हे जमेल, हे तिला तिथेच कळलं होतं. महिनाभरात एकही निसटेना. पुढे पुढे तर ती अंधुक उजेडातच पानाच्या हालण्यावरून ओळखायची की वारा आहे की तो आहे. मंडळात ती ठणकावून सांगू लागली की झाडाला विष लागत नाही, माणूस लागतो. मंडळाने ऐकून घेतलं आणि फवारणीचा कागद दर वर्षी छापला: प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी सर्वांनी आपापल्या झाडांवर फवारणी करावी. दर वर्षी मतदान व्हायचं, दर वर्षी विरोधात एकच हात वर यायचा, आणि तो हात खाली घेताना व्हाल्माला हरल्यासारखं कधी वाटलं नाही.

तिच्या समोर तिचं किंग ऑर्किड उभं होतं. रेक्सने स्वतः ठोकलेल्या लाकडी पेटीत, एकट्या माणसाला उचलणार नाही एवढं, त्यावर एक्केचाळीस तुरे आणि प्रत्येक तुऱ्यावर शंभरेक पिवळसर फुलं, हॉलभर मधाचा वास. उद्याचं मोठं बक्षीस कुणाचं याची चर्चाही होत नव्हती. पेटीत पुढेच तिने हाताने लिहिलेली पाटी खोचली होती: बावीस वर्षं फवारणी नाही. ती पाटीकडे बघत राहिली. हॉलमधल्या एकेका झाडावरून तिची नजर फिरली, नेव्हची पांढरी, ग्रीव्ह्स बहिणींची ठिपक्यांची, पलीकडची सगळी, आणि ज्या त्या पानावर औषधाचा तो फिकट थर. कागदात लिहिलंय तसं सगळ्यांनी, तुयेतनेही, बुधवारी किंवा गुरुवारी फवारलेलं. त्या पानावर भुंगेऱ्याने पाय ठेवला तर तो तासाभरात उताणा पडला असता. आणि हा तर तिच्या मुठीत ठणठणीत होता, चावत होता, ओरडत होता, पोटभर खाल्लेला होता. या हॉलमध्ये किडा जगेल असं एकच झाड होतं.

मग पाठोपाठ बाकीचं सगळं हिशेबात बसत गेलं आणि तिला ते थांबवता येईना. तिचा एक तुरा तुयेतच्या जांभळ्या फुलांवर टेकला होता, तिथूनच तो चालत पलीकडे गेला असणार. जांभळ्यावर नारिंगी उठून दिसला म्हणून दिसला. तिच्या स्वतःच्या पिवळ्या फुलांवर तो सकाळपासून बसला असता तरी तिला दिसला नसता. जूनमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरने तिला रंगांच्या चकत्या दाखवल्या होत्या आणि ती म्हणाली होती, ही पिवळी, ही पिवळी, ही पण पिवळी, आणि तो तरुण डॉक्टर उगाच खोकला होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीला, ग्लेनिसला, तर मुळीच नाही. ग्लेनिस दोन वर्षं मागे लागली होती की आई, घर विकू या, माझ्याजवळ तिसऱ्या मजल्यावर एक छान जागा आहे, बाल्कनीत दोन कुंड्या मावतील. दोन कुंड्या. व्हाल्मा दर वेळी एकच उत्तर द्यायची, ज्या दिवशी माझ्या झाडावर किडा सापडेल त्या दिवशी येईन. हे ती इतक्या रुबाबात म्हणायची की ग्लेनिस गप्प बसायची. आता तो किडा मुठीत होता. मूठ जरा जास्त आवळली तर आवाजही थांबला असता, हात पँटच्या खिशात घालून पुसून टाकला असता, संपलं असतं. तुयेत दारापर्यंत पोचली होती. पहिल्या वर्षी कुणाचं ना कुणाचं झाड हवेला जातंच, बायका तिला चहा देतील, लॅमिंग्टन केकचा मोठा तुकडा देतील, पुढच्या वर्षी हसून सांगतील. कुणाचं काय बिघडणार होतं? व्हाल्माने स्वतःलाच हे विचारलं आणि तिला स्वतःचा आवाज आवडला नाही. बादली थोडी लांब नेऊन ओतणाऱ्या बाईचा होता तो.

नेव्ह परत आला. कानाच्या पाळ्या अजून लाल होत्या. "वाईट वाटतं बिचारीचं," तो म्हणाला. "तुझ्या झाडाला काही लागलं नाही ना? पण तुझं काय म्हणा. तुझ्या झाडावर किडा पाय ठेवायला घाबरतो."

त्याने ते कौतुकाने म्हटलं होतं आणि व्हाल्माला तोंडात मारल्यासारखं झालं. रेक्सचं वाक्य, जसंच्या तसं. बावीस वर्षं पहाटे उठून, गुडघे धरून, थंडीत बोटं बधिर करून तिने जे केलं ते या माणसाला एवढंच समजलं होतं? किडा तिला घाबरत नव्हता. तो यायचा, रोज यायचा, तिच्या झाडावर त्याला खायला मिळायचं म्हणून यायचा, आणि ती त्याच्या आधी उठायची. हे तिचं होतं. ते बक्षीस उद्या हातात घेऊन विष फवारलेल्या झाडांमधलं एक झाड म्हणून मिरवायचं असेल, तर मग त्या बावीस वर्षांचं काय करायचं? तिला राग आला, आणि राग आल्यावर तिला नेहमी बरं वाटायचं.

"नेव्ह, थांबव तिला. किडा माझा आहे."

"काय?"

"माझ्या झाडावरचा आहे. तिचं झाड आत आण."

नेव्ह हसला. "उगीच मोठेपणा करू नकोस, व्हाल. नवी आहे म्हणून तिला वाचवायला बघतेस. मला कळत नाही होय?"

"मी आणि मोठेपणा? मी आयुष्यात कुणाला वाचवलंय का?"

"ते मात्र खरं," नेव्ह म्हणाला. पण विश्वास त्याचा बसलाच नाही. मागे ग्रीव्ह्स बहिणींपैकी धाकटी म्हणाली, "किती मोठं मन आहे हो," आणि व्हाल्माच्या लक्षात आलं की आपण आपलं नाव इतकं उंच नेऊन ठेवलंय की आता आपला हातही तिथे पोचत नाही. हे वाटलं तेव्हा तिला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटला.

तिने डावी मूठ तशीच बंद ठेवली आणि उजव्या हाताने पेटीच्या मागच्या बाजूला, जिथे लोकांची नजर जात नाही, तुऱ्यांमध्ये हात घातला. डोळे तिने मिटूनच घेतले, तसा त्यांचा उपयोग नव्हता. बोटं एकेक तुरा वर वर चाचपत गेली. पहिला गुळगुळीत. दुसरा गुळगुळीत. चौथ्याच्या टोकाशी पाकळ्यांच्या कडा कुरतडलेल्या लागल्या आणि मग बोटाला गार, चिकट फेस लागला. त्या फेसात अळ्या असतात. एवढा फेस व्हायला पाच दिवस लागतात. म्हणजे पाच सकाळी ती या तुऱ्यासमोर उभी राहिली होती, मान ताठ, आणि तिला दिसलं नव्हतं.

"इकडे ये," ती नेव्हला म्हणाली. तिने तुरा वाकवून त्याच्यासमोर धरला. "सांग मला काय आहे ते. मोठ्याने सांग. मला दिसत नाही."

नेव्हने चष्मा लावला, तुऱ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. 'मला दिसत नाही' हे व्हाल्मा ड्रेजच्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"अळ्या आहेत," तो म्हणाला. "चार. नाही, पाच."

"कधीपासून दिसत नाही?" हे त्याने अगदी हळू विचारलं.

"जूनपासून. पिवळ्यावरचा नारिंगी दिसत नाही. बाकी सगळं दिसतं, तुझे कान लाल झालेत ते पण दिसतंय." तिने खांदे मागे घेतले. "आणि नीट ऐका सगळ्यांनी. तुम्ही सगळ्यांनी फवारलंय. तुमच्या झाडावर हा जगलाच नसता. या हॉलमध्ये किडा जगेल असं झाड फक्त माझं आहे. आता बोल, नेव्ह. नियम माझ्यासाठी वेगळा आहे का?"

नेव्हने चष्मा काढला. "व्हाल," तो म्हणाला, "झाडाला जरा हवा लागू दे."

तुयेत दारातून परत आली होती. तिने आपली कुंडी जागेवर ठेवली, पानं नीट केली आणि कुणी काही सांगायच्या आत पेटीची दुसरी बाजू धरली. व्हाल्माने हातातला भुंगेरा नेव्हच्या रिकाम्या कपात टाकला, वर बशी ठेवली, "सांभाळ, पुरावा आहे," म्हणाली आणि आपली बाजू उचलली. दोघींनी ते एक्केचाळीस तुरे टेबलांच्या मधून, माणसांच्या मधून, मागच्या दाराने बाहेर नेले. लोक बाजूला झाले. कुणी तरी एका फुलाला हात लावला. व्हाल्माला वाटलं होतं की चालताना लाज वाटेल, पण तिचं सगळं लक्ष पेटी तिरकी होऊ नये याकडे होतं.

टाकीशेजारी सिमेंटवर ऊन पडलं होतं. तिथे पेटी ठेवल्यावर दोघी धापा टाकत भिंतीला टेकल्या. नेव्ह लाल पट्टी घेऊन आला. व्हाल्माने ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः बांधली, समोरच्या तुऱ्याला, पाटीच्या वर.

"तुला किती वाजता जाग येते?" तिने तुयेतला विचारलं.

"अडीचला, मिसेस व्हाल्मा. पाव भाजायचे असतात. पाचला भट्टीतून सगळं निघतं, मग माझा भाऊ बघतो."

"पाचला रिकामी होतेस?" व्हाल्माने पट्टीची गाठ पुन्हा ओढून घट्ट केली. कुणाकडे काही मागायची तिला सवय नव्हती. "माझ्याकडे सहापर्यंत पोचशील का? तू बघ. मी पकडते."

तुयेत पुढे वाकून तुऱ्यांमध्ये बघत होती. "हा इथे आहे एक," ती कुजबुजली. "वरून तिसऱ्या फुलावर. डावीकडे. अजून थोडं डावीकडे."

व्हाल्माने तळहात खाली धरला. तुयेतने बोट लांबवलं, आणि तो पडला, बरोबर मधोमध, हलका, टणक, पायांनी खाजवणारा. मूठ बंद झाली आणि तो चिरकला. तुयेत दचकली आणि मग हसायला लागली. व्हाल्माने तिला तो आवाज नीट ऐकवला, मग आपल्या कानाशी नेऊन स्वतः ऐकला. संध्याकाळी ग्लेनिसला फोन करायचा होता. किडा सापडला, पण मी येत नाही, असं सरळ सांगायचं होतं. शब्दाला जागली नाहीस म्हणेल ती, म्हणू दे. आयुष्यात एकदा शब्द मोडायला काय हरकत आहे, आणि तोसुद्धा आपल्याच रुबाबाच्या भरात दिलेला?

चहाची वेळ झाली तशी माणसं अंगणात यायला लागली. बशीत लॅमिंग्टन घेऊन एक पाहुणी बाई पेटीसमोर थांबली. ती मंडळातली नव्हती, तिला लाल पट्टीचा अर्थ माहीत नव्हता.

"अगं बाई, काय सुंदर आहे हे," ती म्हणाली. "आतल्या सगळ्यांपेक्षा छान. बाहेर का ठेवलंय?"

नेव्हने खाली बघितलं. तुयेतने व्हाल्माकडे बघितलं. व्हाल्मा मूठ बंद ठेवून भिंतीपासून पुढे झाली आणि पाटी जरा सरळ केली.

"किडे आहेत ना यावर," ती म्हणाली. "जिवंत. आत आणखी कुणाकडे नाहीत, हवं तर विचारून या."